टूँऽऽऽ... आणि त्यामागची शिवी

नोव्हेंबर २०१० मधली गोष्ट. सबमिशन कसंबसं उरकलेलं, पीएल लागलेली आणि रात्री नऊ वाजता आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. कारण एकच, 'बिग बॉस'चा चौथा सीझन. सलमान खान पहिल्यांदाच सूत्रसंचालक झालेला, घरात डॉली बिंद्रा आलेल्या आणि रोज एक तरी भांडण ठरलेलं. पडद्यावर कोणीतरी कोणाच्या अंगावर धावून जायचं, तोंड उघडायचं आणि... टूँऽऽऽ!

खरी गंमत पुढे असायची. टूँ वाजला की रूममधली तीस-चाळीस पोरं एका सुरात ती रिकामी जागा भरून काढायची. विदर्भवाले, कोल्हापूरवाले, नाशिकवाले, सगळ्यांचा शब्द एकच. एवढं एकमत आमच्यात मेसच्या मेनूवरही कधी झालं नाही. एकदा असा कोरस चालू असताना रेक्टर सर दारात येऊन उभे राहिले. आवाज टप्प्याटप्प्याने, म्हणजे मागच्या रांगेकडून पुढे, बंद होत गेला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, टीव्हीवाल्यांनी झाकलंय ते, आणि तुम्ही उघडताय होय?"

आम्ही नंतर खूप हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढे मी शिकवायलाच लागलो, विषयही कम्युनिकेशनचा. आता टीव्ही रूमची किल्ली माझ्याकडे असते (टीव्ही बघायला कोणी येत नाही ही गोष्ट वेगळी, सगळ्यांचे टीव्ही आता खिशात). सरांच्या वाक्याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. टीव्हीवाल्यांनी काही झाकलेलं नव्हतंच.

तो आदेश

१७ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने आदेश काढला. कलर्स वाहिनीवरचा 'बिग बॉस' आणि इमॅजिन वाहिनीवरचा 'राखी का इन्साफ' हे दोन कार्यक्रम यापुढे रात्री ११ ते पहाटे ५ याच वेळेत दाखवायचे. पुनःप्रक्षेपणही त्याच वेळेत. वृत्तवाहिन्यांनी त्यातले तुकडे दाखवायचे नाहीत. नेमक्या त्याच आठवड्यात पामेला अँडरसन 'बिग बॉस'च्या घरात पाहुणी म्हणून आलेल्या! आमची टीव्ही रूम साडेदहाला बंद व्हायची. त्यामुळे केंद्र सरकारने हा वार थेट आमच्या हॉस्टेलवर केला आहे, अशी सार्वत्रिक भावना होती. सुदैवाने (तेव्हाच्या आमच्या मते) वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, त्याच आठवड्यात आदेशाला स्थगिती मिळाली आणि जानेवारी २०११ पर्यंत, म्हणजे श्वेता तिवारी जिंकेपर्यंत, कार्यक्रम प्राइम टाइमलाच चालू राहिला.

आता हा आदेश कशाच्या आधारावर निघाला ते पाहू, कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. "टीव्हीचं सेन्सॉर बोर्ड" असं आपण म्हणतो, पण तसं काही नाही. सेन्सॉर बोर्ड आहे ते सिनेमाला, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. सिनेमा आधी बोर्डाला दाखवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, मग लावायचा. टीव्हीवरचा कार्यक्रम आधी कोणालाही दाखवावा लागत नाही. त्याला लागू होतो तो १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि १९९४ च्या केबल नियमांतला सहावा नियम, ज्याला 'कार्यक्रम संहिता' म्हणतात. काय दाखवू नये याची ती एक लांबलचक यादी आहे. सभ्यतेला आणि अभिरुचीला धक्का देणारं नको, अश्लील नको, बदनामीकारक नको, स्त्रियांना हीन लेखणारं नको, एखाद्या व्यक्तीची निंदानालस्ती करणारं नको. आणि पुढे पाचव्या पोटनियमात असं की, मुलांना न शोभणारे कार्यक्रम जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळेत दाखवू नयेत.

ही यादी वाचली की जाणवतं, यात 'शिवी' हा शब्दच नाही. कुठली शिवी चालेल, कुठली नाही, किती वेळा, याचा कुठेही तक्ता नाही. 'अभिरुची' म्हणजे नेमकं काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडे व्हायवाचे मार्क ज्या पद्धतीने ठरतात, साधारण तसंच!

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रा. प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर २००५-०६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टीव्हीवर 'ए' प्रमाणपत्राचे सिनेमे दाखवायला मनाई केली. काही दिवस मुंबईत केबलवरच्या सिनेमाच्या वाहिन्याच अंधारात गेल्या होत्या. पण रिअॅलिटी शो म्हणजे सिनेमा नव्हे. त्याला प्रमाणपत्र नाही, आणि वाहिन्या सांगतात त्याप्रमाणे त्याला संहिताही नाही, म्हणजे आधी तपासायला कागदच नाही. २००९ मध्ये स्टार प्लसवर 'सच का सामना' आला आणि लोकांच्या खासगी आयुष्यातले प्रश्न चारचौघांत विचारले जाऊ लागले, तेव्हा संसदेतही आरडाओरडा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र तो कार्यक्रम बंद करायला नकार दिला आणि बघायचा नसेल तर टीव्ही बंद करा, गांधीजींचं 'वाईट पाहू नका' आठवा, अशा अर्थाचं सुनावलं. त्या खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. २०११ मध्ये वाहिन्यांनी स्वतःच तक्रारींसाठी बीसीसीसी नावाची परिषद स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्षही हेच न्या. शहा. रिमोट दाबा म्हणणाऱ्या न्यायमूर्तींकडेच रिमोट दिला गेला, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. या स्वनियमनात कार्यक्रमांचे दोन गट पडले. 'जी' म्हणजे सर्वांसाठी, आणि 'आर' म्हणजे मर्यादित, फक्त रात्री ११ ते पहाटे ५. म्हणजे घड्याळ तेच राहिलं, फक्त सरकारच्या हातातून वाहिन्यांच्या हातात आलं.

टूँचं इंजिनीअरिंग

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. बीप म्हणजे बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झच्या आसपासचा साधा साइन वेव्ह. एडिटिंगच्या टेबलावर शिवीपुरता मूळ आवाज शून्यावर आणायचा आणि तिथे हा सूर टाकायचा. शिवीच्या 'वर' बीप वाजत नाही, शिवीच्या 'जागी' वाजतो. काही वाहिन्या ओठही धूसर करतात.

मग ती शिवी आम्हा चाळीस जणांना 'ऐकू' कशी यायची? ज्यांनी कोडिंग थिअरी केली आहे त्यांना एरर आणि इरेझर यातला फरक माहीत आहे. (बाकीच्यांनी दोन मिनिटं दम धरा.) वाटेत एखादा बिट बदलला आणि कुठला बदलला हे कळलंच नाही, तर तो एरर. बिट गेला, पण नेमका कुठला गेला हे माहीत आहे, तर तो इरेझर. किमान अंतर ५ असलेला कोड फक्त दोन एरर दुरुस्त करू शकतो, पण इरेझर चार! कारण उघड आहे. कुठे शोधायचं ते आधीच कळलेलं असतं, अर्धं काम तिथेच होतं.

बीप हा इरेझर आहे. तो ओरडून सांगतो, "इथे होती, बरोबर इथे, आणि एवढी लांब होती." शिवाय वाक्यातले मागचे-पुढचे शब्द शाबूत असतात, चेहरा शाबूत, हातवारे शाबूत, कित्येकदा शिवीचं पहिलं अक्षरही शिल्लक ठेवलेलं. भाषेत मुळातच एवढी रिडंडन्सी आहे की एखादा शब्द पुसला तरी अर्थ पुसला जात नाही. त्याऐवजी तिथे नुसती शांतता ठेवली असती किंवा आवाज पुटपुटल्यासारखा केला असता, तर निम्म्या लोकांच्या लक्षातही आलं नसतं. माहिती कमी करण्यासाठी म्हणून टाकलेला हा सिग्नल स्वतःच माहिती देतो. आपल्या छापील मराठीत हेच काम फुल्या करतात. तीन फुल्या दिसल्या की वाचणारा थांबतो आणि मनातल्या मनात पूर्ण शब्द वाचून मगच पुढे जातो. (या लेखात एकही शिवी छापलेली नाही. छापली असती तर संपादक मंडळाने फुल्या मारल्या असत्या आणि लेख जास्त वाचला गेला असता.)

दुसरा मुद्दा एडिटिंगचा. थेट प्रक्षेपणात एखादा शब्द निसटून जाऊ शकतो हे मान्य. पण 'बिग बॉस'चा रोजचा भाग थेट नसतो. घरात डझनावारी कॅमेरे चोवीस तास चालू असतात आणि त्यातून तासाभराचा भाग कापून काढला जातो. चोवीस तासांतले तेवीस कचऱ्यात जातात. त्यात कोणी शांतपणे वांगी चिरली ते गेलं, दोघं जण तासभर चांगलं बोलले तेही गेलं. शिव्यांचं भांडण तेवढं उरलं, आणि त्यावर बीप टाकला. जे काढून टाकता आलं असतं ते ठेवलं, आणि "आम्ही काढलं" असं दाखवण्यासाठी वर खूण केली. दुकानदाराने पाटीवरचा शब्द झाकण्यासाठी पाटीवर लाल दिवा लावावा, तसला हा प्रकार.

म्हणून म्हटलं, झाकलेलं काही नव्हतंच.

शिवी कोणाला लागते?

इथपर्यंत लेख थांबला असता तर तो "वाहिन्या कशा लबाड" एवढाच झाला असता. पण मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे.

शिव्या आणि सेन्सॉर हे भांडण मराठीला नवीन नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' याच मंडळात अडकलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. त्या सगळ्या दिवसांवर त्यांनी पुढे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तकही लिहिलं. सखाराम रंगमंचावर जे बोलतो ते ऐकून तेव्हा लोक हादरले. तरी एक गोष्ट आहे. सखाराम चंपाला वाट्टेल ते बोलला तरी प्रयोग संपल्यावर निळू फुले आणि लालन सारंग मेकअप उतरवून आपापल्या घरी जात. शिवी चंपाला लागली होती, लालन सारंगना नाही.

रिअॅलिटी शोमध्ये ज्याला शिवी बसते, तो ती बरोबर घेऊन घरी जातो. वाहिनी तीच तर 'रिअॅलिटी' म्हणून विकते.

२०१० च्या त्या आदेशातला दुसरा कार्यक्रम, 'राखी का इन्साफ', आम्ही फारसा बघत नव्हतो. नवरा-बायकोची भांडणं घेऊन सामान्य माणसं यायची आणि राखी सावंत 'न्याय' करायच्या. झाशीहून आलेल्या एका तरुणाला त्या कार्यक्रमात 'नामर्द' म्हटलं गेलं. कार्यक्रम दाखवला गेला आणि काही दिवसांनी तो तरुण वारला. या अपमानाने तो खचला होता, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला, पोलिसांत तक्रारही झाली. खरं काय ते ठरवणारा मी कोणी नाही. पण शब्दाकडे बघा. 'नामर्द'. यावर कोण बीप टाकतं? हिंदी सिनेमात हा शब्द शंभर वेळा येतो. रूममध्ये आम्ही कोरस करायचो त्या शिव्यांपुढे हा शब्द सोवळ्यातला. आणि मंत्रालयाने उपाय काय सांगितला? रात्री ११ नंतर दाखवा!

समजा हा उपाय आधीच लागू असता. तोच माणूस, तोच शब्द, तेच प्रक्षेपण, फक्त सव्वाअकरा वाजता. मुलं झोपलेली, अभिरुची सुरक्षित. त्या माणसाचं काय? दुसऱ्या दिवशी झाशीतल्या गल्लीत त्याला भेटणारे लोक मोठेच होते की. संहितेत व्यक्तीच्या निंदेचं कलम आहे, ते मी वर सांगितलं. पण उपाय निवडायची वेळ आली तेव्हा हात घड्याळाकडेच गेला. हे सगळे नियम बघणाऱ्याच्या कानाची काळजी घेतात. ज्याच्यावर शब्द फेकला जातो तो कॅमेऱ्याच्या आत असतो, तो कुठल्याच 'प्रेक्षकवर्गात' मोडत नाही.

असंच पण जरा वेगळं उदाहरण इंग्लंडचं, आणि त्याचा शेवट आपल्या पुणे जिल्ह्यात झाला. जानेवारी २००७ मध्ये तिथल्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला जेड गुडी आणि तिच्या मैत्रिणींनी जे हिणवलं, त्यावर ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४,५०० हून जास्त तक्रारी गेल्या. तिथे रात्री ९ नंतर शिव्या चालतात, त्यामुळे शिव्यांचा प्रश्नच नव्हता. जेडने शिल्पाचं आडनाव म्हणून 'पापडम' लावलं होतं. पापड! शब्दकोशातला सर्वांत निरुपद्रवी शब्द. मे २००७ मध्ये ऑफकॉमने वाहिनीला दोषी ठरवलं ते शब्द मोजून नाही. एका बाईला एकटं पाडून हिणवलं जातंय हे दिसत असताना वाहिनीने ते नीट हाताळलं नाही, यासाठी ठरवलं, आणि तो निकाल त्याच वाहिनीवर तीनदा वाचून दाखवायला लावला. हा मला जास्त शहाणा मार्ग वाटतो, जरी तोही सगळं घडून गेल्यावरचाच.

पुढे ऑगस्ट २००८ मध्ये हीच जेड लोणावळ्याच्या 'बिग बॉस'च्या घरात स्पर्धक म्हणून आली. सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी! दोन दिवसांत, कॅमेऱ्यांच्या गराड्यात, तिला कॅन्सर असल्याचं कळवण्यात आलं आणि ती मायदेशी परतली. मार्च २००९ मध्ये ती गेली. तिचा तो क्षण चित्रित झाला होता. त्यात एकही आक्षेपार्ह शब्द नाही.

आमच्या खोलीतला शो

आता जे लिहितोय ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला.

२००९ साली मी थर्ड इयरला होतो. तेव्हा एमटीव्हीवरच्या 'रोडीज'ची क्रेझ काय होती हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. पुण्यात ऑडिशन असली की पोरं पहाटेपासून रांगेत. त्या ऑडिशनमध्ये रघू आणि राजीव समोरच्या मुलाला उभं करून फाडून खायचे. कोण आहेस, कशाला आलास, मार पुशअप्स, रडतोस काय. मध्ये मध्ये टूँ, टूँ. आणि आम्हाला वाटायचं, याला म्हणतात स्पष्टवक्तेपणा.

त्या वर्षी आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरच्या एका मुलाचा आम्ही 'रोडीज इंटरव्ह्यू' घेतला. रॅगिंग नव्हे हं, रॅगिंगला बंदी होती आणि आम्ही सुसंस्कृत मुलं होतो! टेबल लावलं, तीन जण परीक्षक झाले, त्यातला एक मी. त्याला पुशअप्स मारायला लावल्या, त्याच्या बोलण्याची नक्कल केली, गावाकडच्या नावाने हसलो. एक मित्र बाजूला बसून तोंडाने टूँऽऽ असा आवाज काढत होता, म्हणजे आम्ही शिवी दिली की तो बीप वाजवणार. सगळे खो खो हसत होते. तो मुलगाही हसत होता. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो हॉस्टेलवर परत आला नाही. बाहेर कुठेतरी रूम घेतली असं कळलं. कॉरिडॉरमध्ये समोरून आला तर मान खाली घालून जायचा. आम्ही म्हणालो, बोअर आहे.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा मी पहिल्यांदा वाचला तो नोकरीला लागल्यावर, समितीवर नाव आलं म्हणून. छोटासा कायदा आहे, सगळ्यांनी वाचावा. त्यातली व्याख्या अशा अर्थाची आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल अशी कोणतीही कृती म्हणजे रॅगिंग. त्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टा हे सगळं येतं. आणि पुढचं कलम असं की, तो विद्यार्थी एरवी स्वखुशीने जे करणार नाही ते त्याला करायला सांगणं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

हे दुसरं कलम मी दोनदा वाचलं. माणूस एरवी स्वखुशीने करणार नाही ते करायला लावणं. याला रिअॅलिटी शोमध्ये 'टास्क' म्हणतात.

आणि पहिलं कलम बघा. त्यात घड्याळ नाही. रात्री ११ नंतर चालेल असं कुठे नाही. शब्दांची यादी नाही, तोंडाने बीप वाजवला तर सूट नाही. मोजमाप एकच, समोरच्याला काय झालं. हॉस्टेलच्या खोलीसाठी आपण हे माप मान्य केलं आहे. टीव्हीच्या घरासाठी नाही. मला दोन्ही कायद्यांतला सगळा फरक इथेच दिसतो.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो माझ्याच एका विद्यार्थ्याने केला. "सर, ते लोक करारावर सही करून जातात, पैसे घेतात. तुमच्या त्या ज्युनिअरने कुठे सही केली होती?" मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. सही केलेल्याला निदान ठाऊक असतं की कॅमेरा आहे. पण चोवीस तासांतला कुठला तास ठेवला जाईल हे त्याला ठाऊक नसतं. सही स्वतःच्या वागण्याची असते, एडिटिंग दुसऱ्याच्या हातात.

आणि आता

गेल्या काही वर्षांत न्यायालयांची नजर थोडी बदललेली दिसते. 'कॉलेज रोमान्स' नावाच्या वेब मालिकेतल्या शिव्यांवरून खटला झाला होता. मालिकेतली पात्रं कॉलेजची, भाषा आपल्या कॅन्टीनची. मार्च २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी, हे ऐकायला चेंबरमध्ये इअरफोन लावावा लागला, असं निकालपत्रात नोंदवलं आणि गुन्हा दाखल करायचा आदेश कायम ठेवला. १९ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शिवी असभ्य असेल, पण असभ्य म्हणजे अश्लील नव्हे. त्या शब्दांचा शब्दशः अर्थ न घेता ते राग, वैताग, फजिती दाखवायला वापरले आहेत हे बघा, असं न्यायालयाचं म्हणणं. हॉस्टेलमध्ये त्या दिवशी पेढे वाटायला हरकत नव्हती. पण लक्षात घ्या, तीही पात्रंच होती. सखारामच्या घरातली.

खऱ्या माणसांचं काय होतं ते त्याच वर्षी मराठी 'बिग बॉस'च्या पाचव्या सीझनमध्ये दिसलं. वर्षा उसगावकर यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीला त्यांच्या पुरस्कारावरून टोमणे, पॅडी कांबळे यांच्या अभिनयाची खिल्ली. शिवी एकही नाही, बीपला काही कामच नाही. मराठीत कोणाचा पाणउतारा करायचा तर शिवी लागतच नाही, 'अहो'चं 'अगं' केलं तरी पुरतं. प्रेक्षक चिडले आणि रितेश देशमुख यांनी 'भाऊचा धक्का'मध्ये संबंधितांची खरडपट्टी काढली. बरं वाटलं बघायला. पण सोमवार ते शुक्रवार अपमान दाखवायचा आणि शनिवार-रविवारी त्या अपमानाची खरडपट्टी दाखवायची, यात दोन्ही दिवस गल्ला एकाच वाहिनीचा.

आणि फेब्रुवारी २०२५ मधलं 'इंडियाज गॉट लेटेंट' प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे. तो टीव्हीवर नव्हे, यूट्यूबवर होता, आणि त्याचा कर्ता समय रैना पुण्यातच प्रिंटिंग इंजिनीअरिंग शिकलेला, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. रणवीर अलाहबादियाच्या एका प्रश्नावरून आसामपासून महाराष्ट्रापर्यंत गुन्हे दाखल झाले, सगळे भाग काढून टाकावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सगळी चर्चा त्या एका वाक्याच्या घाणेरडेपणाची. त्या मानाने ऑगस्ट २०२५ मधली दुसरी बातमी कमी वाचली गेली. एसएमए या दुर्धर आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तक्रार केली होती की समय रैना आणि इतर काही विनोदकारांनी अपंगांची चेष्टा केली. त्यात शिव्यांचा प्रश्न नव्हता. न्यायालयाने त्यांना आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितली. ज्यांची चेष्टा झाली त्यांच्या बाजूला उभं राहून बघायला इथे कोणीतरी सुरुवात केली, असं मला वाटलं. उद्या याच दरवाज्याने सरकार नको तिथेही आत शिरेल ही भीती आहेच, आणि ती खोटी नाही. २०२१ चे डिजिटल माध्यमांचे नियम आले तेव्हा त्यातल्या आचारसंहितेच्या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती, याचिका करणाऱ्यांत आपले निखिल वागळे होते. त्यामुळे नवा कायदा करा, अशी मागणी मी करत नाही. माझ्याकडे तयार उत्तर नाही.

दरवर्षी ॲडमिशनच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. एक सही विद्यार्थ्याची, एक पालकांची. शोच्या करारावरची सही, माझ्याबाबतीत जे होईल ते चालेल, अशी. आणि या कागदावरची, मी दुसऱ्याच्या बाबतीत हे करणार नाही, अशी. बहुतेक मुलं न वाचताच सही करतात. यंदा एका मुलाने पेन खाली ठेवलं, पान उलटून व्याख्या वाचली आणि विचारलं, "सर, नुसतं हसलं तरी यात येतं का?"

मागे पालकांची रांग होती. मी त्याला म्हटलं, "येतं. बस, सांगतो."